कल्पित राज्यांच्या फौजा

कल्पनेतल्या देशाची फौज मोजता येते, कारण लेखकानेच ती मोजून ठेवलेली असते. ब्रॉबडिंगनॅगच्या राजाजवळ १,७६,००० पायदळ आणि ३२,००० घोडदळ आहे. लिलिपुटच्या बादशहाची फौज गलिव्हरच्या फाकलेल्या पायांमधून संचलन करीत जाते तेव्हा तिच्यात ३,००० पायदळ आणि १,००० स्वार असतात. यूटोपियात शहरे ५४, दर शहरात कुटुंबे ६,०००. असे आकडे वाचले की दोन देशांची झुंज मनातल्या मनात लावून पाहण्याचा मोह होतो. मुले हा खेळ हौसेने खेळतात; मोठी माणसेही खेळतात, फक्त कबूल करीत नाहीत. परंतु वीतभर उंचीचा शिपाई आणि ताडापेक्षा उंच शिपाई यांच्या संख्या शेजारीशेजारी मांडून हाती फारसे काही लागत नाही.

या लेखात तुलना करायची आहे ती निराळी. कोणत्याही राज्याला, खऱ्या किंवा कल्पित, तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: लढायला कोणावर सक्ती करायची, कोणाला पैसे देऊन आणायचे, आणि कोणाला घरी राहू द्यायचे. खऱ्या राज्यांची उत्तरे सनदांत, हुकुमांत आणि जमाखर्चात विखुरलेली असतात, आणि ती बरीचशी झाकलेलीही असतात. कल्पित राज्याचे उत्तर लेखकाला एका प्रकरणात उघडपणे लिहावे लागते. त्यामुळे त्याच्या काळातल्या माणसांना कशाची भीती वाटत होती, हे तिथे लवकर कळते.

ग्वाल्हेरच्या माणसाने हा विषय घेण्याला आणखी एक कारण आहे. आपण ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलो त्याचे नावच लष्कर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली, ती उठलीच नाही. आपले पूर्वज त्या छावणीमागे आले. आपल्या भाषेने तर सैनिकाची विभागणीच घोड्याच्या मालकीवरून केली: स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. लढाईत दोघांनाही सारखीच गोळी लागते. पण घोडा मेला तर नुकसान कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या दोन शब्दांत आहे. हे ध्यानात ठेवून आता आपण यूटोपियाकडे वळू.

टॉमस मोर हा लंडनचा वकील. १५१५ साली राजाच्या वकिलातीबरोबर तो फ्लँडर्समध्ये गेला होता, आणि तिथे फावल्या वेळात त्याने जे लिहायला घेतले ते १५१६ साली लूव्हेन इथे लॅटिनमध्ये छापून निघाले. पुस्तकाचे दोन भाग आहेत. दुसरा भाग सर्वांना ठाऊक असतो, कारण बेटाचे वर्णन त्यात आहे. आपल्या विषयासाठी पहिला भागही तितकाच महत्त्वाचा. तिथे राफाएल हिथलोडे नावाचा प्रवासी इंग्लंडातल्या चोरांविषयी बोलतो. एकेका फासावर वीस वीस चोर लटकतात, तरी चोऱ्या का थांबत नाहीत, असा प्रश्न निघालेला असतो. तो म्हणतो की या चोरांत लढाईहून परत आलेली माणसे आहेत. कोणी फ्रान्सच्या स्वारीत हातपाय गमावलेले, कोणी १४९७ च्या कॉर्नवॉलच्या बंडात जायबंदी झालेले. जुना धंदा त्यांना करता येत नाही, नवा शिकण्याचे वय उरलेले नाही. राजाने त्यांना लढायला नेले आणि परत आल्यावर फाशी दिली. मोरने बेटाची फौज उभी केली ती हे लिहिल्यानंतर वाचावी, अशा क्रमाने पुस्तक बांधले आहे.

आता बेटाचा हिशेब पाहा. ५४ शहरे, प्रत्येकात ६,००० कुटुंबे, म्हणजे ३,२४,००० कुटुंबे. आणि दर कुटुंबात दहा ते सोळा प्रौढ माणसे. गुणाकार केला तर निव्वळ प्रौढांचीच संख्या बत्तीस लाखांपासून एक्कावन्न लाखांपर्यंत जाते. मोरच्या काळातल्या इंग्लंडची मुलाबाळांसह सगळी वस्ती इतिहासकारांच्या अंदाजाने पंचवीस लाखांच्या आसपास होती. शिवाय यूटोपियात ठरलेल्या दिवशी पुरुष आणि बायका दोघांनाही शस्त्राचे शिक्षण घ्यावे लागते. तेव्हा संख्येच्या जोरावर हे बेट युरोपातल्या कोणत्याही राजाला सहज भारी पडले असते. पण यूटोपियाचे लोक युद्धाला जनावरी उद्योग समजतात आणि रणात मिळवलेल्या कीर्तीएवढे कमी दर्जाचे काही नाही असे मानतात. एवढी मोठी कवायती प्रजा जवळ असूनही तिला लढायला न पाठवण्याची सारी व्यवस्था त्यांनी करून ठेवली आहे.

ही व्यवस्था उतरंडीची आहे. पहिल्यांदा युद्ध टाळण्यासाठी पैसा वापरायचा. शत्रूच्या मुलखात गुपचूप जाहिरनामे लावायचे, राजाला मारणाऱ्याला अमुक बक्षीस, जिवंत आणून देणाऱ्याला दुप्पट. तेवढ्याने भागले नाही तर शत्रूच्या घरात भाऊबंदकी पेटवायची. तेही चालले नाही तर भाडोत्री सैनिक. त्यांच्यानंतर ज्याच्यासाठी लढाई चालली आहे त्या मित्रराज्याची फौज, त्यानंतर इतर दोस्तांची, आणि अगदी शेवटी स्वतःची माणसे. परदेशी स्वारीवर जायला कोणावरही सक्ती नाही. दर शहरातून राजीखुशीने येतील तेवढेच घ्यायचे. कारण दिले आहे तेही व्यवहाराचे आहे: भित्रा मनुष्य स्वतः तर लढत नाहीच, पण शेजाऱ्यालाही घाबरवतो. सक्ती येते ती बेटावर हल्ला झाला तरच. तेव्हा भित्र्यांनाही सुटका नाही. अंगाने धडधाकट असतील त्यांना जहाजांवर शूर लोकांच्या मध्ये बसवतात किंवा तटावर अशा जागी उभे करतात, जिथून पळायला वाट नसते. नवऱ्याबरोबर रणात जाण्याची बायकोला मुभा आहे, तिला शाबासकीच मिळते; आजूबाजूला मुले आणि सोयरे उभे करतात. बायको गमावून एकटा परत येणाऱ्या नवऱ्याची नाचक्की होते.

या उतरंडीला लागणारा पैसा कुठून येतो हे मोरने मोठ्या खुबीने सांगितले आहे. यूटोपियात सोन्याला किंमत नाही. त्याची शौचपात्रे करतात, गुलामांच्या बेड्या करतात. सोने साठवायचे ते फक्त युद्धासाठी, परक्यांना देण्यासाठी. म्हणजे ज्या धातूच्या बेड्या गुलामाच्या पायात घालायच्या, तोच धातू भाडोत्र्याच्या हातावर ठेवायचा.

हे भाडोत्री म्हणजे झापोलेट. यूटोपियाच्या पूर्वेला पाचशे मैलांवर डोंगराळ मुलखात राहतात. काटक, अडाणी, शेती नाही, धंदा नाही, लढाई हाच धंदा. रोजीत एक दमडी जास्त मिळाली की उद्या दुसऱ्या बाजूला जातात. एकाच रक्ताची माणसे समोरासमोर उभी राहून एकमेकांना मारतात. यूटोपियाचे लोक त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त पगार देतात आणि सगळ्यांत धोक्याच्या जागी पाठवतात. परत येतील ते थोडे, म्हणून ठरलेले पैसेही फारसे द्यावे लागत नाहीत. जे परततात त्यांना मात्र शब्द दिल्याप्रमाणे चोख देतात, म्हणजे पुढच्या वेळी ते पुन्हा येतील. किती झापोलेट मेले याची मोजदाद कोणी ठेवत नाही. ही जातच पृथ्वीवरून नाहीशी झाली तर मनुष्यजातीवर उपकारच होतील, असे त्या शहाण्या, शांतताप्रिय लोकांचे मत आहे.

मोरच्या पहिल्या वाचकांना झापोलेट कोण हे सांगावे लागले नाही. स्विस भालाईत त्या वेळी युरोपभर पगारावर लढत होते. १५०० साली नोव्हारा इथे मिलानच्या ड्यूकच्या फौजेत स्विस होते आणि त्याच्यावर चालून आलेल्या फ्रेंच राजाच्या फौजेतही स्विस होते. त्यांनी एकमेकांशी लढायचे नाकारले. शहर सोडून जाताना ड्यूक लुडोव्हिको स्फोर्झा स्विस शिपायाच्या वेशात त्यांच्या रांगेत घुसला, पण ओळखला गेला, आणि उरलेले आयुष्य त्याने फ्रान्सच्या कैदेत काढले. १५१५ च्या सप्टेंबरात मारिन्यानोला दोन दिवसांच्या लढाईत फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसने स्विसांचा मोड केला. ही बातमी ताजी असतानाच मोर यूटोपिया लिहीत होता.

त्याच वेळी फ्लोरेन्समध्ये दुसऱ्या एका माणसाने नेमका उलटा उपाय करून पाहिला होता, आणि तो कागदावर नव्हे. निकोलो मॅकियाव्हेलीला भाडोत्र्यांचा तिटकारा. १५०६ साली त्याने प्रजासत्ताकाकडून कायदा करवून घेतला आणि शेतकऱ्यांची सक्तीची फौज उभारली. इथे एक बारकावा आहे. शिपाई घेतले ते शहराच्या अमलाखालच्या खेड्यांतून. खुद्द फ्लोरेन्सच्या नागरिकांवर ती सक्ती नव्हती. खेडुतांना राज्यकारभारात मत नव्हते, आणि मत असलेल्या शहरी माणसांच्या हाती मोठ्या संख्येने हत्यारे जावीत, असे राज्यकर्त्यांना वाटत नव्हते. १५०९ साली पिसा परत घेताना ही फौज उपयोगी पडली. १५१२ साली प्रातोला स्पॅनिश पायदळ समोर येताच ती फुटली. शहर लुटले गेले, कत्तल झाली, मेदिची परत आले आणि मॅकियाव्हेलीची नोकरी गेली. मत नसलेल्या खेडुताने शहराच्या स्वातंत्र्यासाठी का मरावे, हा प्रश्न त्याच्या पराभवाचा हिशेब मांडताना फारच थोड्यांनी विचारला.

मोर झापोलेटांविषयी गंभीरपणे बोलत होता की उपरोधाने, यावर विद्वानांत वाद आहे. हिथलोडे या नावाचा ग्रीक अर्थच पोकळ बडबड करणारा असा काहीसा निघतो. मला वाटते, उपरोध असला तरी त्याने अडचण सुटत नाही. यूटोपियात खाजगी मालमत्ता नाही, भूक नाही, सहा तास काम आहे, आणि हे सारे टिकून आहे ते पाचशे मैलांवरच्या माणसांच्या मरणावर. आपल्या मुलाला लढायला पाठवायचे नाही, ही भावना कोणाला समजणार नाही? ती मोरलाही समजली. पण मुलाच्या जागी कोण उभा राहील, हे त्याने लिहून ठेवले आणि त्या माणसाला एकही वाक्य बोलू दिले नाही. चोर झालेल्या इंग्रज शिपायाची बाजू पहिल्या भागात ज्या कळकळीने मांडली, तीच कळकळ दुसऱ्या भागात डोंगरी शिपायाच्या वाट्याला आली नाही.

दोनशे वर्षांनी, १७२६ साली, जोनाथन स्विफ्टने गलिव्हरला राक्षसांच्या देशात पाठवले तेव्हा वादाचे स्वरूप बदलले होते. आता भीती होती ती स्वतःच्या राजाने पोसलेल्या खड्या फौजेची. १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने संसदेच्या संमतीशिवाय शांततेच्या काळात फौज बाळगणे बेकायदा ठरवले होते. १६९७ साली फ्रान्सशी तह झाल्यावर तिसऱ्या विल्यमची फौज किती उरावी यावर पत्रकांचा पाऊस पडला, आणि राजाच्या नाराजीला न जुमानता संसदेने ती सात हजारांवर आणली. पुढे स्पेनच्या वारसायुद्धात शिपाई अपुरे पडले, तेव्हा १७०४ पासूनच्या भरतीच्या कायद्यांनी ज्यांना कायदेशीर कामधंदा नाही अशा धडधाकट माणसांना धरून फौजेत घालण्याचा अधिकार न्यायाधीशांना दिला. संसदेच्या निवडणुकीत ज्याला मत आहे त्याला मात्र धरायचे नाही, अशी तजवीज त्यात होती. पुन्हा तेच: मत असेल तर सूट, मत नसेल तर सक्ती.

गलिव्हर ब्रॉबडिंगनॅगच्या राजाला आपल्या देशाच्या खड्या फौजेविषयी अभिमानाने सांगतो. राजाला ते कळतच नाही. तुम्ही स्वतंत्र लोक, तुमचे प्रतिनिधी तुमच्या संमतीने राज्य करतात, मग शांततेच्या काळात तुम्हाला भीती कोणाची आणि लढायचे कोणाशी, असे तो विचारतो. घराचे रक्षण मालकाने आणि त्याच्या मुलांनी करावे, की रस्त्यावरून थोडक्या पगारावर उचलून आणलेल्या पाचसहा मवाल्यांनी? त्या मवाल्यांना तर घरमालकाचा गळा कापला तर पगाराच्या शंभरपट मिळेल. राजाचे हे बोलणे वाचकाला पटते, आणि मग काही पानांनंतर कळते की या राजाजवळही दोन लाखांवर फौज आहे.

ती फौज कशी, हे स्विफ्टने बारकाईने सांगितले आहे. शहरांतले कारागीर-व्यापारी आणि खेड्यांतले शेतकरी हेच तिचे शिपाई. सेनापती म्हणजे सरदार आणि जमीनदार. त्यांना पगार नाही, इनाम नाही. प्रत्येक शेतकरी आपल्याच जमीनमालकाच्या हाताखाली, प्रत्येक शहरवासी आपल्याच शहरातल्या प्रमुखांच्या हाताखाली. हे प्रमुख व्हेनिसच्या पद्धतीने चिठ्ठ्या टाकून निवडलेले. राजधानीबाहेर वीस मैल लांबरुंद मैदानावर कवायत होते. नव्वद फूट उंचीचे स्वार एका हुकुमासरशी तलवारी उपसतात, तेव्हा आकाशात एकदम दहा हजार विजा चमकल्याचा भास गलिव्हरला होतो.

पण या देशाला शेजारी नाही. तीन बाजूंना समुद्र, चौथीकडे ओलांडता न येणारे डोंगर. मग फौज कशाला? गलिव्हरलाही हे कोडे पडते. उत्तर देशाच्या इतिहासात सापडते. तिथेही सरदारांना सत्ता हवी होती, प्रजेला स्वातंत्र्य हवे होते, राजाला निरंकुश अंमल हवा होता, यादवी झाल्या. शेवटची यादवी या राजाच्या आजोबांच्या काळात समेटाने मिटली आणि त्या वेळी सर्वांच्या संमतीने ही नागरिकांची फौज ठरली. म्हणजे परक्याला थोपवण्यासाठी ती नाहीच. तिघांपैकी कोणी एकाने उरलेल्या दोघांच्या उरावर बसू नये म्हणून सर्वांनाच हत्यार दिलेले आहे. सक्तीच्या भरतीचे इतके प्रामाणिक कारण मला दुसऱ्या कोणत्याही कल्पित राज्यात आढळले नाही. तरी एक गोष्ट स्विफ्टच्या नजरेतून सुटली, किंवा त्याला ती सुटलेली वाटली नाही. शेतकरी ज्याच्या हाताखाली लढतो तोच त्याचा जमीनमालक. सरदाराला पगार लागत नाही कारण खंड आधीच घरी आलेला असतो. अशा फौजेत संमती कोणाची मोजायची?

लिलिपुटविषयी फार थांबण्याचे कारण नाही; ते युद्धाचे विडंबन आहे. तरी शाही संचलनात चार हजार माणसे दाखवणाऱ्या या साम्राज्याने अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे या भांडणातून निघालेल्या युद्धात तीस हजार निवडक खलाशी आणि शिपाई गमावले आहेत, हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. समारंभाला दिसते ती फौज वेगळी आणि मरते ती वेगळी.

एकोणिसाव्या शतकात या विचाराला अमेरिकेत एक अजब वळण मिळाले. तिथल्या यादवी युद्धात १८६३ साली उत्तरेच्या सरकारने सक्तीची भरती सुरू केली, पण तीनशे डॉलर भरणाऱ्याला किंवा आपल्या जागी बदली मनुष्य देणाऱ्याला सोडून दिले. मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई ती. जुलैत न्यूयॉर्कमध्ये दंगे उसळले, शंभराहून अधिक माणसे मेली, आणि जमावाचा राग श्रीमंतांपेक्षा शहरातल्या काळ्या लोकांवर जास्त निघाला. एडवर्ड बेलमी तेव्हा तेरा वर्षांचा होता. पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात जाण्याची त्याची धडपड प्रकृतीच्या तपासणीत फसली. या माणसाने १८८८ साली ‘लुकिंग बॅकवर्ड’ लिहिले. त्यातले २००० सालचे बॉस्टन युद्ध विसरलेले आहे, सैन्य नाही, आरमार नाही. तरीही प्रत्येकावर सक्तीची भरती आहे. एकविसाव्या वर्षापासून पंचेचाळीसाव्यापर्यंत सर्वांनी औद्योगिक सेनेत काम करायचे. पहिली तीन वर्षे पडेल ते काम. हुद्दे आहेत, भरतीचा दिवस आहे, बायकांची वेगळी सेना आणि तिची स्त्री-सेनापती आहे. पैसे भरून सूट मिळत नाही, आणि या एका गोष्टीसाठीच त्या काळच्या मजुराला हे राज्य स्वर्गासारखे वाटले असेल. पण काम करायला धडधाकट असून नकार देईल त्याला एकांतकोठडीत भाकरी-पाण्यावर ठेवतात, हो म्हणेपर्यंत. हे वाक्य बेलमी जाता जाता सहज सांगून टाकतो. त्याचे हजारो वाचक त्यावरून तसेच पुढे गेले असणार.

आपल्या देशातले एक उदाहरण या यादीत हवेच. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाज् ड्रीम’ ही छोटी गोष्ट लिहिली. त्यातल्या स्त्रीराज्यात पुरुष पडद्यात आहेत. ते पडद्यात कसे गेले याची हकीकत म्हणजे एका भरतीचीच हकीकत आहे. शेजारच्या राज्यातून पळून आलेल्यांना राणीने आश्रय दिला, त्यांना परत द्यायचे नाकारले, म्हणून युद्ध आले. पुरुषांची फौज गेली. मग उरलेले पुरुषही गेले, सोळा वर्षांच्या मुलांपर्यंत. बहुतेक मारले गेले आणि शत्रू राजधानीपासून पंचवीस मैलांवर आला. तेव्हा विद्यापीठाच्या प्रमुख बाईंनी उपाय काढला, पण अट घातली की आधी पुरुषांनी जनानखान्यात जावे. थकलेले पुरुष आनंदाने गेले. मग दोन हजार विद्यार्थिनी रणांगणाकडे निघाल्या आणि साठवलेली सूर्याची उष्णता त्यांनी शत्रूवर सोडली. गोष्ट विनोदाची आहे, तरी सोळा वर्षांच्या मुलांना पाठवल्याचा तपशील लेखिकेने घातला आहे. शेवटी दाराशी कोणाची पाळी येते हे तिला माहीत होते. आणि लक्षात घ्या, मोरपासून इथपर्यंतच्या सर्व राज्यांत आश्रिताला परत न देण्यासाठी, एवढ्याच कारणासाठी, युद्धाला तयार झालेले हे एकच राज्य आहे.

आता आपण आपल्या छावणीकडे परत येऊ. झापोलेट आणि शिलेदार हे दोन्ही प्रकार महादजी शिंद्यांना माहीत होते, पहिला नावाने नसला तरी. पानिपतातून पाय अधू करून परतलेल्या महादजींनी १७८४ च्या सुमारास बनवा द बॉयन या सॅव्हॉयच्या मनुष्याला पदरी ठेवले. त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या. खर्चासाठी गंगा-यमुनेच्या दुआबातले परगणे जायदाद म्हणून तोडून दिले, त्यामुळे पगार वेळेवर होऊ लागला; हिंदुस्थानातल्या फौजांत ही अपूर्वाई होती. या फौजेला कंपू म्हणत. पाटण आणि मेडता इथे १७९० साली तिने विजय मिळवले. १७९३ साली लाखेरीला तिच्यासमोर तुकोजी होळकरांच्या पलटणी उभ्या राहिल्या, त्यांचा सेनापती दुद्रनेक हा फ्रेंच. मराठ्यांचे दोन कंपू, दोन परके सेनापती, एकमेकांवर तोफा. इंदूरचे वाचक रागावणार नसतील तर म्हणतो, नोव्हाराच्या स्विसांनी निदान लढायचे नाकारले होते.

१८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपले तेव्हा कंपू द बॉयनच्या जागी आलेल्या पेरॉनच्या हाती होता. ऑगस्टात गव्हर्नर जनरल वेलस्लीचा जाहीरनामा निघाला: शिंद्यांची नोकरी सोडून येतील त्या इंग्रज अधिकाऱ्यांची सोय कंपनी लावील. पुष्कळ गेले. अलीगडच्या किल्ल्याच्या दरवाजाची वाट शिंद्यांच्याच नोकरीतून गेलेल्या लूकन नावाच्या अधिकाऱ्याने दाखवली, आणि ४ सप्टेंबरला किल्ला पडला. पेरॉनने तर लेककडे अभय मागून आपली दौलत घेऊन सुरक्षित निघून जाण्याची व्यवस्था केली. यूटोपियातले मोरचे म्हणणे इथवर अक्षरशः खरे ठरते. जास्त रोजी दिसली की मनुष्य बाजू बदलतो.

मात्र बाजू बदलली ती अधिकाऱ्यांनी. उरलेल्या पलटणी १ नोव्हेंबर १८०३ रोजी अलवारच्या मुलखात लासवारी इथे लेकच्या फौजेसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे युरोपी अधिकारी जवळपास सगळे निघून गेलेले होते. ज्यांनी त्यांना कवायत शिकवली ते नव्हते, ज्यांच्या सहीने पगार होई ते नव्हते. ते तरीही तिथे थांबले. संगिनीने भोसकले जाईपर्यंत गोलंदाज तोफांपासून हलले नाहीत. या लढाईत आपण फार मोठ्या संकटात होतो, आणि त्या शिपायांवर फ्रेंच अधिकारी असते तर निकाल काय लागला असता हे सांगता येत नाही, अशी कबुली लेकने नंतर आपल्या पत्रात दिली. महिनाभर आधी दक्षिणेत असईलाही तोफांच्या माऱ्यानंतर मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज उठले आणि पुढे गेलेल्या इंग्रजांवर त्यांनी मागून तोफा फिरवल्या. ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहात इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या राष्ट्रांच्या गोऱ्यांना नोकरीत ठेवू नये असे कलम शिंद्यांकडून लिहून घेतले. लासवारीला मेलेल्यांविषयी कलम नव्हते.

हे शिपाई कोण होते? शिंद्यांचे शिलेदार, सरदार, मुत्सद्दी, कारकून यांत आपली माणसे होती. कंपूच्या पायदळाची रांग मात्र मुख्यतः दुआब, अवध, रोहिलखंड या भागांतली; राजपूत, पुरभय्ये, मुसलमान. त्यांच्यातल्या फारच थोड्यांना मराठी येत असेल. आपल्या घरांत पूर्वजांच्या गोष्टी सांगतात त्या घोड्याच्या, सनदेच्या, वाड्याच्या. त्यातली कोणतीही खोटी नाही. पण फौजेमागे आलो असे म्हणताना ती फौज बऱ्याच अंशी दुसऱ्यांच्या मुलांची होती, हे आपण क्वचितच बोलतो. यूटोपियाच्या लोकांना झापोलेटांची नावे ठाऊक नव्हती. लासवारीच्या शिपायांची नावे आपल्यालाही ठाऊक नाहीत, आणि ते दमडीच्या आशेने थांबले असे म्हणण्याची सोय तर मुळीच नाही, कारण त्या दिवशी तिथे दमडी द्यायला कोणी नव्हते.

लष्करात कंपू नावाचा भाग आजही आहे. टेम्पोवाला त्याच नावाने पुकारा करतो आणि प्रवासी चढतात. मराठीत या शब्दाचा अर्थ मधल्या दोनशे वर्षांत बराच आखडला. चारदोन जणांचे आपापसातले टोळके, एवढाच तो उरला आहे. साहित्य मंडळांच्या निवडणुकांत तो आपल्या कानावर पडतो.